रिंगमावशीची चार चाकं

आमच्या वन्संना सगळी गल्ली रिंगमावशी म्हणते. गाडीच्या चाकात टायर ज्या लोखंडी भागावर बसतो ती रिंग. डोंगरात, वाळूत, दगडगोट्यांत गाड्या घालणारी माणसं आपली चाकं घेऊन आमच्या दारी येतात आणि वन्सं घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करून ती त्यांना हवी तशी करून देतात. नावाचा त्यांना राग नाही. कारखान्यात एकतीस वर्षं ‘ए बाई’ ऐकलं, त्यापेक्षा मावशी केव्हाही बरी, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र माझ्या रोजच्या वहीत त्यांना वन्सं असंच लिहीत आले. ह्यांची ती थोरली बहीण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्या आणि मी एका छताखाली आहोत, आणि देवाच्या कृपेने अजून एकमेकींशी बोलतो.

अंगाने त्या किरकोळ. पण दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक बारीक डाग, तेल उडाल्यासारखे. माझ्याही हातांवर तसे आहेत. एकदा दोघींनी हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर कुठला कोणाचा ते कळेना. “तुझे स्वयंपाकाचे, माझे ठिणग्यांचे,” वन्सं म्हणाल्या, आणि आपला हात काढून घेतला.

सत्ताविसाव्या वर्षी त्या कारखान्यात लागल्या त्या झाडू मारायला. तिथे पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या बनत. वेल्डरांनी टाकलेली रॉडची थोटकं गोळा करून डब्यात भरायची, हे त्यांचं काम. त्यांनी ती डब्यात भरली नाहीत, पदरात बांधून ठेवली, आणि जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगच्या रिकाम्या सेटवर बसून भंगारातल्या पट्ट्या जोडत राहिल्या. दोन वर्षांनी एक वेल्डर आजारी पडला आणि टाकी तर संध्याकाळी पाठवायची होती, तेव्हा फोरमनने नाइलाजाने मास्क त्यांच्या हातात दिला. जोड झाल्यावर तपासनीस आले. हातात भिंग, खिशात पांढरा खडू. त्यांना मागून सगळे भिंगसाहेब म्हणायचे. त्यांनी जोडावर चार ठिकाणी खडूने गोल काढले आणि “परत” एवढंच म्हणाले. वन्संनी तेवढा भाग घासून काढून परत केला. मग तीन गोल, मग एक. फोरमन डोक्याला हात लावून बसला होता. वन्सं सांगतात, त्या दिवशी मी घरी गेले ती रडत नाही, चरफडत गेले, आणि चरफडणाऱ्या माणसाचा हात स्थिर होतो.

लग्नाचं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. दोन वेगळ्या धातूंचा जोड आपल्याला जमत नाही. विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. खरं काय ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

निरोपाच्या दिवशी कारखाना प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ देतो. वन्संनी घड्याळ नाकारलं आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना वेल्डिंगचा सेट मागितला. तो तीन महिन्यांनी टेम्पोतून घरी आला तेव्हा मी दारात उभी होते. माझं तोंड बघून टेम्पोवाल्याने विचारलं, पत्ता चुकला का.

खरं तर तोवर ते तीन महिने वन्सं नुसत्या घरात बसून होत्या, आणि ते तीन महिने मला आठवले की सेट आला तेच बरं झालं असं वाटतं. त्यांनी माझी सगळी कपाटं लावली. लावलेली परत लावली. चादरींच्या घड्या मोडून कोपऱ्याला कोपरा जुळवून नव्याने घातल्या आणि कोणती चादर दोन बोटं वाकडी शिवली आहे ते मला येऊन सांगितलं. संध्याकाळी खिडकीशी बसायच्या, हात मांडीवर पालथे टाकून. ते हात बघवत नसत.

तर शेड उभी राहिली. शेडची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. पहिल्या दिवशी पलीकडून तो चर्रर्र आवाज सुरू झाला आणि माझ्या हातातलं झाकण पडलं. मी सकाळची प्रार्थना करायला बसले होते, ती परत पहिल्यापासून म्हणायला लागले. थोड्या वेळाने आवाज थांबला, प्रार्थना संपता संपता पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने वन्सं मला म्हणाल्या, तू ती प्रार्थना जरा सावकाश म्हणत जा, फार घाई करतेस.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चाकाच्या रिंगेवर एका दमात गोल फिरवत जोड दिला तर लोखंड तापून वाकडं होतं आणि चाक डुगडुगतं. म्हणून अंगठ्याएवढा जोड द्यायचा, मग बरोब्बर समोरच्या बाजूला तेवढाच, मग थांबायचं, लोखंड निवू द्यायचं, मग पुढचा. किती थांबायचं याला त्यांना माप हवं होतं आणि घड्याळ तर त्या कारखान्यातच नाकारून आल्या होत्या. माझी प्रार्थना सात-आठ मिनिटांची. ती भिंतीतून ऐकू येते. ती संपली की त्या हाताचा मागचा भाग लोखंडाजवळ नेऊन ऊब बघतात आणि मग पुढचा जोड देतात. एका चाकाला बत्तीस जोड, म्हणजे सोळा जोड्या. मी मनात देवाची क्षमा मागितली आणि चाकामागे सोळा वेळा प्रार्थना म्हणायला लागले. माझ्या आईने जन्मभरात म्हटली नसेल तेवढी मी त्या पावसाळ्यात म्हटली.

त्या नेमकं काय करतात ते मला त्यांनी डब्याच्या झाकणावर समजावलं होतं. वाळूत गाडी रुतू नये म्हणून हे लोक टायरमधली हवा निम्म्याहून कमी करतात, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. पण हवा कमी झाली की वळणावर टायरचा काठ रिंगेवरून सुटतो आणि गाडी तिथेच बसते. म्हणून वन्सं रिंगेच्या बाहेरच्या कडेला एक जाड लोखंडी कडं वेल्ड करतात आणि त्यावर दुसरं कडं बोल्टांनी आवळतात. टायरचा काठ दोन्ही कड्यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखा बसतो. मग हवा कमी असली तरी सुटत नाही.

ऐकायला सोपं आहे, पण चाक घेऊन आलेल्या दहांपैकी चारजणांना त्या परत पाठवतात. दारातच चुंबक लावून बघतात. चिकटलं तर पोलादाचं, आत घ्यायचं. नाही चिकटलं तर हलक्या धातूचं, त्याला त्या हात लावत नाहीत. तडा गेलेली, आधी कोणी तरी डागडुजी केलेली, गंजून पापुद्रे आलेली रिंगही परत. टायर चढवलेलं चाक तर फाटकाच्या आतसुद्धा येऊ देत नाहीत. एकाने हुज्जत घातली होती की मावशी, हवा काढलीय सगळी. वन्संनी त्याला विचारलं, झाकण लावलेलं रिकामं पातेलं तू शेगडीवर ठेवून त्यावर वाकून बसशील का. टायर आतून तापला की त्याचाच वायू होतो, हवा काढलेली असली तरी. तो गेला आणि टायर उतरवून आला.

शेडमध्येही त्यांचे कायदे आहेत. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा. एक वाळूची बादली, एक पाण्याची, भिंतीला आग विझवायचं नळकांडं, आणि कामानंतर अर्धा तास शेडमध्येच स्टुलावर बसून राहायचं, कुठे धूर येतोय का बघत. रॉड कोरडे राहावेत म्हणून त्यांचा वेगळा ओव्हन आहे. तो वेगळा का आहे हे मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की एकदा माझ्या ओव्हनमधून केकऐवजी रॉड निघाले होते आणि दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

एकूण सगळं नीट चाललं होतं. बिघडवलं ते ह्यांच्या टेबलावर आलेल्या एका फायलीने.

हे विमा कंपनीत आहेत, दाव्यांच्या विभागात. जगात जे जे विपरीत घडतं त्याचा कागद फिरून ह्यांच्या टेबलावर येतो. त्यामुळे आमच्याकडे गॅसची नळी वर्षाला बदलते आणि गच्चीवर कोणी धावत नाही. त्या दिवशी आले ते जेवलेच नाहीत. गावाबाहेरच्या एका टायरच्या दुकानात कारागिराने चढवलेल्या टायरसकट रिंगेचा तडा वेल्ड करायला घेतला होता. टायर फुटला. माणूस वाचला, उजवा हात गेला. फायलीत फोटो होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बहिणीला सांगितलं की शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय, सेट जाईल. वन्सं चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, त्याने टायर चढवलेला असताना वेल्ड केलं, मी करत नाही. हे म्हणाले, तोही आदल्या दिवशी असंच म्हणाला असेल. मी ह्यांच्या बाजूने बोलू की त्यांच्या, ते मला कळेना, म्हणून मी दूध बघायला उठले. दूध गॅसवर नव्हतंच.

मग वन्सं म्हणाल्या, “धाकट्या, माझं ऐकू नकोस. भिंगसाहेबांचं ऐकशील?”

ह्यांना तो माणूस माहीत होता. इतकी वर्षं घरात त्याच्या नावाने बोटं मोडलेली ऐकली होती. हे म्हणाले, त्यांचं ऐकेन. ठरलं असं की शुक्रवारी साहेब येऊन वन्संचं काम बघतील. ते ‘चालेल’ म्हणाले तर सेट राहील, नाही म्हणाले तर शनिवारी जाईल. दोघांनीही पुन्हा त्यावर एक शब्द काढला नाही. भाऊबहीण एकाच साच्यातले आहेत.

तेव्हा शेडमध्ये गुरांच्या डॉक्टरीणबाईंची चार चाकं होती. त्या नदीपलीकडच्या गुरांच्या तळांवर जुन्या चारचाकीने जातात आणि वाटेत चार मैल कोरडी वाळू आहे. मागच्या महिन्यात टायर रिंगेवरून सुटला, गाडी तिथेच बसली, आणि त्या पायी पोचेपर्यंत अडलेली गाय वासरासकट गेली. त्यांना चाकं लवकर हवी होती. वन्संनी बुधवारी चारही पुरी केली. आपली परीक्षा आपण घेतली. जोडाच्या एका बाजूने रॉकेल लावायचं, दुसऱ्या बाजूला खडूचा लेप. आरपार भोक असेल तर पांढऱ्यावर ओला ठिपका उमटतो. कुठेही उमटला नाही. चाकं गाडीच्या तुंब्यावर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागावर बसवून, खिळा टेकवून फिरवली, खिळा सगळीकडे सारखाच घासला, म्हणजे कुठलंही डुगडुगत नव्हतं. गुरुवारी दुपारी त्या बोल्ट आणायला बाजारात गेल्या. दुकानदार कोणतेही बोल्ट माथी मारतो, म्हणून त्या स्वतः जाऊन बोल्टांच्या डोक्यावरचे मजबुतीचे आकडे वाचून घेतात.

मी शेडमध्ये डोकावले. चाकं भिंतीला टेकून उभी होती. काळीनिळी, ओरखडे पडलेली, जोडांच्या जागी तर सुरवंट चिकटल्यासारखी. माझ्या मनात आलं, उद्या परीक्षा आहे आणि हे असं ध्यान. कोणी बघायला येणार म्हटल्यावर आपण घर झाडतो, मुलांची तोंडं पुसतो. खिडक्यांच्या गजांना दिलेला चंदेरी रंग अर्धा डबा उरला होता. मी देवाचं नाव घेऊन ब्रश उचलला आणि चारही चाकं रंगवली. जोडांवर तर दोन हात दिले, कारण तेच ओबडधोबड दिसत होते. वर जुनी चादर घातली. वन्सं उशिरा आल्या, चादर बघितली, धूळ बसू नये म्हणून मी घातली असेल असं समजून झोपायला गेल्या. सकाळी चादर उचलली की त्यांना कसं वाटेल, हे मनात आणून मी खूश होते.

शुक्रवारी दहाला भिंगसाहेब आले. आता काठी घेऊन चालतात, पण भिंग तेच. बरोबर पिशवी होती, त्यात दोन बाटल्या आणि घासकागद. ह्यांनी रजा काढली होती. सगळे शेडमध्ये गेलो आणि मीच पुढे होऊन चादर ओढली.

चाकं चांदीसारखी चमकत होती. साहेबांनी एकदा पाहिलं आणि खिशातून अर्धं बाहेर काढलेलं भिंग परत खिशात घातलं.

“रंगवलेला जोड मी तपासत नाही,” ते म्हणाले. “रंग कोणी लावला?”

वन्सं चाकांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच, अर्धा क्षण, आणि नजर पुन्हा चाकांवर. मी या घरात तेवीस वर्षं आहे, त्या माझ्या वाकड्या चादरीही मला बोलून दाखवतात, आणि त्या क्षणी त्यांनी तोंड मिटून घेतलं. माझं नाव सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या.

मी लावला, मी सांगितलं. साहेबांना बरं दिसावं म्हणून.

साहेबांनी मान हलवली, रागाने नाही. म्हणाले, रंग बारीक चिरेत जाऊन बसतो, मग चीर दिसत नाही. यंत्राने रंग घासून काढावा तर लोखंड चिरेवर ओढलं जातं आणि ती बुजते. औषध लावून हळूहळू काढावा लागेल, दोन-तीन दिवस. ह्यांचा चेहरा मला दिसत होता. दाव्याच्या कामात अशा वेळी काय समजायचं ते ह्यांना पंचवीस वर्षांत पाठ झालेलं. हे म्हणाले, शनिवार उद्या आहे. आणि मग हळूच, “ताई, काही झाकायचं होतं का?”

वन्संनी पदर खोचला. कोपऱ्यातून कापायचं मशीन आणलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भावाला म्हणाल्या, “कापून बघू. चारातलं कुठलंही. तू निवड.”

साहेब पहिल्यांदाच नीट उभे राहिले. ह्यांनी बोट उचललं आणि परत खाली घेतलं. एका चाकामागे वन्संची किती मेहनत असते हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, निवड रे, चाकं काय पुन्हा होतील. हे तिसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले.

वन्संनी चाक शिकंज्यात आवळलं आणि साहेबांनी खडूने खूण केली तिथे तिथे, तीन ठिकाणी, जोड आडवा कापला. आपल्याच कामावर मशीन चालवताना त्यांचा हात कणभरही हलला नाही. तुकडे निवल्यावर साहेबांनी पहिला शिकंज्यात धरायला सांगितला आणि ह्यांच्या हातात हातोडा दिला. हे आयुष्यात खिळा ठोकताना बोट ठोकणारे. त्यांनी पाच-सहा घाव घातले. कडं वाकलं, पार दुमडलं, जोड उघडला नाही. उरलेल्या दोन तुकड्यांची कापलेली तोंडं साहेबांनी घासकागदाने आरशासारखी केली आणि बाटलीतलं तेजाब कापसाने लावलं. लोखंडावर हळूहळू नकाशा उमटला. इकडचं लोखंड, तिकडचं लोखंड, आणि मध्ये दोन्हींत मुळापर्यंत शिरलेला जोड, वेगळ्या करड्या रंगाचा. साहेब भिंग लावून बसले. दुसरा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला. तिसऱ्यावर थांबले. मग खडू काढला आणि एक छोटा गोल काढला.

आम्ही सगळे वाकलो. करड्या भागाच्या मधोमध एक काळा ठिपका होता, मोहरीच्या निम्मा. आत अडकलेला वायूचा फुगा. तो आतच होता, पृष्ठभागाला पोचलेला नव्हता, म्हणून खडूच्या लेपावर काही उमटलं नव्हतं.

“म्हणजे भोक आहे,” हे म्हणाले.

साहेब म्हणाले, एवढा कारखान्याच्या नियमात बसतो. जोड धरेल.

ह्यांनी सुस्कारा टाकला. मलाही वाटलं, संपलं, देव पावला. पण वन्सं तो तुकडा उचलून खिडकीशी घेऊन गेल्या. उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मग मला म्हणाल्या, अगं, तुझी वही आण, मंगळवारची.

माझ्या वहीत काय असतं? कोण आलं, काय शिजवलं, कोणती प्रार्थना राहिली. शेडमधलंही मी लिहिते, आज कितवं चाक, कितवा जोड, कारण त्यावर माझ्या प्रार्थनांचा हिशेब असतो. मी मंगळवारचं पान काढून वाचून दाखवलं. तिसऱ्या चाकाचे बावीस जोड जेवणापर्यंत. मग डॉक्टरीणबाई विचारायला आल्या, दीड तास बसल्या, गाईबद्दल बोलताना रडल्या, दोनदा चहा. पावणेचारला वन्संनी काम परत धरलं. तिसऱ्याचे उरलेले दहा आणि चौथ्याचे सहा, मग दिवेलागण.

वन्सं ऐकत उभ्या होत्या. म्हणाल्या, रॉड ओव्हनबाहेर काढून ठेवले होते. त्या बोलत बसल्या आणि ते परत आत टाकायचे राहिले. दीड तासात दमट झाले. दमट रॉडचा असा फुगा येतो. माझी चूक आहे.

साहेब म्हणाले, सांगितलं ना, चालेल.

“तुम्हाला चालेल, साहेब,” वन्सं म्हणाल्या. “ती बाई वाळूत एकटी असते.” त्या चौथ्या चाकापाशी गेल्या आणि त्यांनी साहेबांच्या हातातला खडू घेतला. चंदेरी रंगावर पांढरा खडू दिसेना, तेव्हा बोटाने जोड मोजत मोजत जाड रेघा मारल्या. सहा जोड. हे सहा मी मुळापर्यंत घासून काढणार आणि नव्याने देणार, बाकीचे बुधवारी कोरड्या रॉडने दिलेत, त्या म्हणाल्या. पहिलं आणि दुसरं सोमवारचं आहे, तेव्हा रॉड कोरडे होते, पण तीही रंग काढून पुन्हा बघायची. तिसरं मी दुसरी रिंग आणून नवीन करीन.

चौथं चाक कोणी कापलेलं नव्हतं. कोणी कापणारही नव्हतं. हे तिथेच हातोडा धरून उभे होते. त्यांनी साहेबांना विचारलं, ताई बोलली नसती तर हे कोणाला कळलं असतं. साहेब म्हणाले, कोणालाच नाही.

मग ह्यांनी हातोडा खाली ठेवला. साहेब आपल्या बाटल्या पुसून पिशवीत भरत होते. हे शेवटी म्हणाले की आमचं असं ठरलं होतं, तुम्ही एक शब्द सांगायचा. साहेबांनी चाकांवरून नजर फिरवली. “चाकांचं सोमवारी सांगतो, रंग निघाल्यावर,” ते म्हणाले. “शेड बंद करू नका. असं काम करणाऱ्याचा हात घरात बसवू नये.” आणि मला म्हणाले, चहा मिळेल का, पण बिनरंगाचा. हा माणूस थट्टा करतो हे वन्संनाही त्या दिवशीच कळलं.

शनिवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. हे फाटकाशी गेले. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. ह्यांनी त्याला कापलेलं तिसरं चाक दिलं. तो म्हणाला, मोठं मशीन होतं ना? हे म्हणाले, ते नाही द्यायचं, ते कामात आहे.

मग ते शेडमध्ये गेले. मला वाटलं बहिणीशी काही बोलतील. ते दार उघडून बघत होते. उघडलं, लावलं, परत उघडलं. मग वन्संना म्हणाले, हे दार आतल्या बाजूला उघडतं. आत काही झालं आणि घाईत बाहेर पडायचं झालं तर आधी मागे सरकावं लागेल. हे बाहेर उघडायला हवं. वन्सं म्हणाल्या, तीन वर्षं झाली, मला कधी सुचलं नाही. हे म्हणाले, तुला कसं सुचेल, मी रोज तेच कागद वाचतो. दोघांनी मिळून दार उतरवलं. बिजागऱ्या ह्यांनी स्क्रूने लावायला घेतल्या आणि दोनदा वाकड्या लावल्या. वन्सं बाजूला उभं राहून बघत होत्या आणि त्यांना काही न बोलणं किती जड जात होतं ते मला त्यांच्या जिवणीवर दिसत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी पेचकस काढून घेतला.

माझे पुढचे तीन दिवस रंग काढण्यात गेले. दार उघडं ठेवून, हातमोजे घालून, औषध लावायचं, थांबायचं, चिंधीने पुसायचं. कोपऱ्याकोपऱ्यातून मी तो चंदेरी रंग असा काढला जसा कोणी आयुष्यात लावलाच नव्हता. वन्संनी मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त खिडकीच्या गजांना पुन्हा रंग द्यायचा झाला तर आपल्याला विचार, एवढं म्हणाल्या. सोमवारी साहेब आले, लाल औषध फवारून, पुसून, वर पांढरं फवारून पहिली दोन चाकं पाहिली. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, ती कुठेही उमटली नाही. गुरुवारपर्यंत चौथं दुरुस्त झालं आणि तिसरं नवीन झालं, आणि तीही तशीच पाहिली गेली. मी मोजून एकोणीस प्रार्थना जास्तीच्या म्हटल्या, आणि त्याही सावकाश.

डॉक्टरीणबाई शुक्रवारी गाडी घेऊन आल्या. टायर चढवले ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने हवा भरत, सगळ्यांना बाजूला उभं करून. बोल्ट वन्संनी समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. मग त्यांनी बाईंना नेहमीचं सगळं सांगितलं. वीस किलोमीटर जाऊन परत यायचं, बोल्ट पुन्हा बघायचे. डांबरी मोठ्या रस्त्यावर वेगाने न्यायची नाही, ही वाळूची चाकं आहेत. गाड्यांची नोंद होते त्या कार्यालयात जाऊन चाकं बदलल्याचे कागद दाखवून यायचे. बाई मान हलवत होत्या.

तेवढ्यात आमचे हे घरातून कागद घेऊन आले. वन्सं तोंडाने सांगत होत्या ते सगळं त्यांनी कार्यालयीन अक्षरात एकेक मुद्दा घालून लिहून काढलं होतं, खाली सहीसाठी रेघ आखून.

“बाई, आधी इथे सही,” हे म्हणाले.

वन्संनी कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि गाडी सुरू केली. तासाभराने त्या परत आल्या. वन्संनी एकेक बोल्ट तपासला. एकाला अजून पाव फेरा द्यायचा होता, तो दिला. मग बाईंनी टायरमधली हवा थोडी सोडली आणि त्या नदीच्या बाजूला निघून गेल्या.